सापाचं हृदय, परळची सुई

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत मागं टाकून चौफुल्याकडं निघालं, की भांडगाव लागतं. तालुका दौंड. या पट्ट्यात पाण्याचं शास्त्र कुणाला शिकवावं लागत नाही. मुठा उजवा कालवा पुण्याकडून निघतो आणि दौंड-इंदापूरकडं जातो. आवर्तन कधी सुटणार, चारीला किती दिवस पाणी राहणार, रात्रीची दारं कोण धरणार, हे इथलं रोजचं बोलणं. हेडचा शेतकरी ऊस भिजवून झोपी जातो आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीत बॅटरी मारून बघत राहतो.

पण पाटाशिवाय दुसरंही एक पाणी असतं. ते चारीतून येत नाही, तर कालव्याच्या मातीच्या तळातून आणि भरावातून झिरपत विहिरीत उतरतं. त्याला आपण पाझर म्हणतो. म्हणून तर कालव्याला सिमेंटचं अस्तर करायचं ठरलं, की विहिरीवाले विरोधाला उभे राहतात. अस्तरीकरणानं पाटाचं पाणी वाचतं हे खरं, पण पाझर आटतो हेही तितकंच खरं.

आजच्या भाषणाचा विषय शेतीचा नाही. हृदयाला रक्त पुन्हा मिळवून देण्यासाठी माणसानं काय काय केलं, त्याचा हा इतिहास आहे. त्यातलं एक धाडसी पान मुंबईत परळला लिहिलं गेलं. ते समजायला ‘पाट’ आणि ‘पाझर’ हे दोन शब्द फार उपयोगी पडतात, म्हणून सुरुवात भांडगावच्या शिवारातून केली.

हृदयाची एक गंमत आहे. आपण स्वस्थ बसलेलो असताना ते दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढं ढकलतं. म्हणजे चोवीस तास ते रक्तानं भरलेलं असतं. पण आपल्या कप्प्यातल्या त्या रक्ताचा त्याला स्वतःला जवळजवळ काही उपयोग नाही. पाण्यानं तुडुंब भरलेल्या टँकरचा ड्रायव्हर तहानलेला असावा, तसं हे आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरच्या पाटानं. महारोहिणी हृदयातून बाहेर पडते न पडते तोच तिला दोन फाटे फुटतात, त्यांना करोनरी म्हणतात. डावा फाटा लगेच पुन्हा दुभागतो. या वाहिन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून पसरतात आणि बारीक बारीक चाऱ्या होऊन स्नायूत शिरतात. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा साधारण विसावा हिस्सा असा फिरून त्याच्याच वाट्याला येतो. मुख्य फाट्याची रुंदी तीन-चार मिलिमीटर. तो चोंदला, की त्याच्या खालचं शिवार वाळायला लागतं. स्नायू मरायला पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात होते आणि सहा तासांत बहुतेक सगळं संपलेलं असतं.

हे कळल्यावर सरळ उपाय सुचतो, तो म्हणजे चोंदलेला पाट दुरुस्त करावा किंवा दुसरा पाट जोडावा. रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवायची कशी, हे फ्रान्सच्या आलेक्सी कारेलनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. बारीक सुई आणि रेशमाचा धागा त्यानं भरतकामातून उचलला. त्याला १९१२ चं नोबेल मिळालं. पण धडधडणाऱ्या हृदयावरच्या तीन मिलिमीटरच्या नळीला टाके घालणं ही वेगळी गोष्ट होती. शिवाय जिवंत माणसाच्या करोनरीत अडथळा नेमका कुठं आहे, हे दिसतच नव्हतं. जो अडथळा दिसत नाही, तो दुरुस्त कसा करणार?

म्हणून १९३० ते १९६० या काळातल्या शल्यचिकित्सकांनी पाटाचा नाद सोडला आणि ते पाझराच्या मागं लागले. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या क्लॉड बेकनं १९३५ मध्ये हृदयाचा पृष्ठभाग खरवडला आणि छातीचा स्नायू त्याला चिकटवला. जखम भरून येताना नव्या रक्तवाहिन्या फुटतील आणि त्यातून रक्त झिरपेल, ही आशा. माँट्रियलच्या आर्थर व्हाइनबर्गनं १९५० पासून छातीच्या आतल्या बाजूची रोहिणी तोडून तिचं तोंड हृदयाच्या स्नायूतच पुरायला सुरुवात केली. लोक हसले. पण पुढं चित्रं निघाली तेव्हा व्हाइनबर्गच्या काही रुग्णांमध्ये ती पुरलेली वाहिनी खरोखरच वाहत असल्याचं दिसलं.

तिसरी एक शस्त्रक्रिया सोपी होती. छातीतल्या त्याच रोहिणीला नुसती गाठ मारायची, म्हणजे तुंबलेलं रक्त हृदयाकडं वळेल. इटलीत निघालेली ही कल्पना १९५० च्या दशकात अमेरिकेत चांगलीच फोफावली. रुग्ण सांगत, दुखणं गेलं. मग १९५९ आणि १९६० मध्ये दोन लहान चाचण्या झाल्या. काही रुग्णांच्या रोहिणीला गाठ मारली, काहींना फक्त कातडीवर छेद दिला. आपल्याला काय केलंय हे रुग्णाला सांगितलं नाही. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं! ती शस्त्रक्रिया तिथंच संपली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं ती लागणार आहे.

आता परळला येऊ. के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं. देणगीदारांची अट होती, की इथं शिकवणारे भारतीयच असले पाहिजेत. इंग्रजी अमलात ही अट लहान नव्हती. याच संस्थेत डॉ. प्रफुल्लकुमार सेन शल्यविभागाचे प्रमुख होते. त्यांचं नाव बहुतेकांना एका तारखेमुळं ठाऊक असतं. १६ फेब्रुवारी १९६८ ला त्यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्डनं जगातलं पहिलं हृदयरोपण केलं, त्याला अजून तीन महिनेही झाले नव्हते. परळचा रुग्ण तीनेक तासच जगला. वर्तमानपत्रांनी त्या दिवशीचा गाजावाजा केला आणि नंतर सगळे ते विसरले. माझ्या मते सेन यांचं त्याहून विचार करायला लावणारं काम त्याआधी तीन वर्षं, १९६५ मध्ये छापून आलं होतं.

त्या निबंधावर चार नावं आहेत : सेन, उडवाडिया, किनरे आणि परुळकर. तेहम्टन उडवाडिया तेव्हा तरुण होते. पुढं १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात त्यांनीच सुरू केली. २०२३ मध्ये ते गेले. किनरे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे मेलेल्या पेशींकडून खरं वदवून घेणारे. परुळकर शल्यचिकित्सक, १९६८ च्या हृदयरोपणातही ते सेन यांच्याबरोबर होते. निबंधाचा विषय असा, की हृदयाच्या भिंतीला सुईनं आरपार छिद्रं पाडून तिला आतल्याच रक्तानं पोसता येईल का?

ही कल्पना आली सापावरून. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय आपल्यासारखं घट्ट नसतं. त्याचा बराचसा भाग स्पंजासारखा सच्छिद्र असतो. कप्प्यातलं रक्त त्या फटींमधून थेट स्नायूत शिरतं. करोनरी असतात, पण त्यांचं राज्य बाहेरच्या पातळ थरापुरतं. म्हणजे साप पाझरावर जगतो. आणि नवल म्हणजे आईच्या पोटात पहिल्या काही आठवड्यांत आपणही असेच जगतो. तेव्हा आपलं हृदयही स्पंजासारखंच असतं. पुढं स्नायू दाट होत जातो, बाहेरून करोनरींची वेल चढते आणि पाझर बंद होतो. अस्तरीकरणच म्हणा ना.

ऊसतोडीच्या हंगामात भांडगावच्या शिवारात घोणस निघाली, की माणसं कोयते टाकून मागं सरतात. त्या प्राण्याच्या हृदयाकडं बघून परळच्या प्रयोगशाळेत कुणाला तरी वाटलं, की हा पाझर माणसात पुन्हा सुरू करता आला तर! के. ई. एम.च्या शेजारीच हाफकिन संस्था आहे, जिथं सर्पदंशावरची लस तयार होई. एकाच रस्त्यावर एकीकडं सापाच्या विषाचा अभ्यास चालत होता आणि दुसरीकडं त्याच्या हृदयाचा.

प्रयोग कुत्र्यांवर झाले. हृदयाची मोठी रोहिणी बांधून टाकायची, म्हणजे झटका आल्यासारखी स्थिती होते. मग सुईनं डाव्या कप्प्याच्या भिंतीत अनेक छिद्रं पाडायची. बाहेरच्या बाजूला थोडं दाबून धरलं, की तिथलं रक्त थांबतं, आतली वाट मात्र उघडी राहावी अशी अपेक्षा. या गटानं मांडलं, की अशी छिद्रं पाडलेली हृदयं तो आघात अधिक चांगल्या प्रकारे सोसतात. १९६८ मध्ये त्यांनी पुढच्या प्रयोगांचा निबंध छापला. ही साधनं बघा : एक सुई, एक प्रयोगशाळा आणि सापाचं निरीक्षण. हृदय-फुप्फुस यंत्र नको, परदेशी चलन नको. ज्या देशात त्या वेळी दोऱ्याच्या रिळापासून सगळ्याला परवाना लागत होता, तिथं या उपायाचं आकर्षण किती असेल, याची कल्पना करता येते.

पण १९६९ मध्ये अमेरिकेतल्या रोके पिफारे यांचा निबंध आला. ज्या नियतकालिकात सेन यांचा निबंध छापला होता, त्याच नियतकालिकात. त्याच्या शीर्षकातच निकाल होता : ही गोष्ट शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अशक्य आहे.

का अशक्य, ते पाण्याच्या भाषेत सांगता येतं. पाणी उताराकडं जातं आणि रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडं. हृदय आवळतं तेव्हा कप्प्यात दाब भरपूर असतो, पण त्याच क्षणी स्नायूही आवळलेला असतो. कप्प्याला लागून असलेल्या थरात तर दाब कप्प्याइतकाच किंवा त्याहून थोडा जास्तच होतो. मग रक्त शिरणार कुठून? मूठ घट्ट मिटली असताना तिच्यात पाणी ओतण्यासारखं ते आहे. हृदय सैल पडतं तेव्हा स्नायूत जागा होते, पण तेव्हा कप्प्यातला दाब पाऱ्याच्या दहा-बारा मिलिमीटरपर्यंत उतरलेला असतो. त्याच क्षणी बाहेर महारोहिणीत मात्र तो ऐंशीच्या आसपास असतो. म्हणून तर डाव्या हृदयाला करोनरीतून येणारं बहुतेक रक्त हृदय सैल असतानाच मिळतं. कप्प्यातून उतारच नाही. सापाचं निभावतं, कारण त्याचं रक्त थंड, हृदय संथ, दाब कमी आणि स्नायू मुळातच जाळीदार. दाट मातीत चार भोकं पाडली म्हणून तिची वाळू होत नाही.

त्याच सुमारास पाटाची दुरुस्तीही हाताशी आली. १९५८ मध्ये क्लीव्हलंडच्या मेसन सोन्सकडून औषधी रंग चुकून एका रुग्णाच्या करोनरीत गेला. रुग्ण वाचला आणि करोनरीचं चित्र पडद्यावर उमटलं. अडथळा दिसू लागला! लेनिनग्राडच्या वसिली कोलेसॉव्हनं १९६४ मध्ये छातीतली रोहिणी थेट करोनरीला शिवली. मूळ अर्जेंटिनाच्या रेने फावालोरोनं १९६७ मध्ये क्लीव्हलंडला पायातली नीला वापरून अडथळ्याला वळसा घातला. हाच बायपास. महामार्गावरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही : गावात कोंडी झाली की गावाबाहेरून रस्ता काढायचा. भारतात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी बायपास केली, ती मद्रासला पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात. दौंडसारख्या जंक्शनच्या गावानं हे मुद्दाम लक्षात ठेवावं, रेल्वेनं आपल्याला फक्त गाड्याच दिल्या नाहीत. महाराष्ट्रात डॉ. नितू मांडके यांनी १९९६ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांची बायपास केली, तोवर हा शब्द पारावरच्या गप्पांत आलेला होता.

आणि आंद्रेआस ग्रुंटझिगनं तर छातीही उघडली नाही. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये मांडीतून नळी सरकवून त्यानं करोनरीत एक इवलासा फुगा फुगवला. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये त्या जागी तारेची जाळी, म्हणजे स्टेंट, बसू लागली.

मग परळची सुई संपली का? इथं इतिहासानं एक वळण घेतलं. अमेरिकेत मिलवॉकीला महमूद मिरहोसैनी यांनी १९८० च्या दशकात सुईच्या जागी लेसर वापरला. लेसरचं छिद्र स्वच्छ असतं, ते बुजणार नाही असा तर्क. ज्यांच्या करोनरी बायपासच्याही पलीकडं गेल्या आहेत, अशा रुग्णांसाठी १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं या शस्त्रक्रियेला मान्यता दिली. रुग्णांचं दुखणं कमी झालं, काहींचं खूपच. पण जे रुग्ण पुढं दगावले, त्यांची हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा लेसरनं केलेल्या वाटा बहुतेक बुजलेल्या दिसल्या. वाट बुजली, तरी दुखणं कमी कसं? कुणी म्हणालं, जखमेभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कुणी म्हणालं, वेदना नेणारे मज्जातंतूच जळतात. आणि आठवतंय ना, ती रोहिणीला गाठ मारण्याची गोष्ट? २००५ मध्ये २९८ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना नळीतून लेसर दिला, काहींना दिल्याचा नुसता देखावा केला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

त्या रुग्णांना खोटं ठरवू नये. त्यांचं दुखणं खरंच कमी झालेलं होतं. पण दुखणं कमी होणं आणि रक्त पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावोगाव ‘ब्लॉकेज विरघळवणारे’ काढे विकणारा कुणी जेव्हा म्हणतो, ‘अहो, आमच्या माणसांना विचारा, किती बरं वाटतं ते,’ तेव्हा हा फरक सांगणारं तिथं कुणी नसतं. सेन यांच्या गटाकडं मात्र किनरे होते. त्यांनी आपलं म्हणणं आकड्यांनिशी आणि पेशींच्या तपासणीनिशी छापलं, म्हणूनच पिफारेंना ते खोडता आलं आणि म्हणूनच मिरहोसैनींना ते पुन्हा उचलता आलं. हृदयात छिद्रं पाडण्याच्या या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणाऱ्या परदेशी निबंधांत आजही मुंबईचा १९६५ चा तो निबंध दिसतो. आपल्याकडं मात्र तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

आता पुन्हा दौंडच्या रस्त्यावर. बायपास आणि स्टेंट आले, तरी ते कुणाच्या खिशाला झेपणार, हा प्रश्न बरीच वर्षं होता. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या किमती बांधल्या : साधा ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये. त्याआधी औषधी स्टेंटचं बिल लाखाच्या पुढं जाई. त्यासाठी जमीन गहाण टाकणाऱ्यांच्या गोष्टी कोणत्याही तालुक्यात ऐकायला मिळतील.

राहिला प्रश्न अंतराचा. भांडगाव ते पुणे सुमारे पन्नास किलोमीटर. हडपसरची गर्दी धरली, तरी दोन तासांच्या आत पोचता येतं. पण वेळ रस्त्यावर जातो त्यापेक्षा घरात जास्त जातो. ‘पित्त झालं असेल’, ‘सोडा पिऊन बघा’, ‘पोरगा कामावरून येऊ दे, मग जाऊ’. एकेका वाक्याला तासभर पडतो. आणि मी वर सांगितलेले सहा तास छातीत कळ आल्यापासून मोजायचे असतात, दवाखान्याच्या दारापासून नव्हे.

फुगा आणि स्टेंट जिथं नाहीत, तिथल्यासाठी एक जुना मार्ग आहे. शिरेतून औषध देऊन गाठच विरघळवायची. यातलं पहिलं औषध स्ट्रेप्टोकायनेज, जंतूपासून मिळालेलं. इटलीत १९८६ मध्ये ११,७१२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. कळ आल्यापासून पहिल्या तासात ज्यांना ते मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. सहा तासांनंतर मिळालं, त्यांना फारसा फरक पडला नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या मोठ्या चाचणीत दिसलं, की जोडीला साधी ॲस्पिरिन दिली तर आणखी जीव वाचतात. यासाठी ना लेसर लागतो, ना शस्त्रक्रियागृह. ईसीजीचं यंत्र हवं, तो वाचणारा डॉक्टर हवा आणि रक्तस्राव झाला तर सांभाळायची तयारी हवी. आता एका इंजेक्शनात देता येणारी याच प्रकारची नवी औषधंही आहेत.

आजचा जगभरचा शिरस्ता असा आहे : ईसीजीत मोठा झटका दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गाठ विरघळवणारं औषध तिथल्या तिथं लगेच द्यायचं आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडं हलवायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तो फिरवणाऱ्याला फक्त तीन गोष्टी सांगाव्या लागतात : छातीत दुखतंय, किती वाजल्यापासून दुखतंय आणि गाडी महामार्गाच्या कोणत्या बाजूला आणायची.